साबुदाणा, पेढा आणि आमच्या डॉक्टर बाई

आमच्या डॉक्टर बाई आज पहाटे गेल्या, आणि त्यांच्या गोळ्या चोरणारा मी हितं पोस्ट टाकालोय.

शिवाजी पेठेत बाईंचा होमिओपॅथीचा दवाखाना. पेशंट सगळ्या बायकाच.

माझ्या अक्काची पाळी पाच महिने आली न्हवती. सोनोग्राफीत पीसीओडी निघालं. हनुवटीवर केस आलते म्हणून अक्का कॉलेज सोडून घरात बसलेली.
घरात पण स्कार्फ बांधून!

बाईंनी पांढऱ्या गोळ्यांची बाटली दिली.
लई गोड असत्यात राव. मी एका दुपारात संपवली.
आणि बाटलीत साबुदाणा भरला.

अक्का दोन दिवस चघळत बसली. "आई, ह्या गोळ्या विरघळंनात गं!"

आईनं माझा कान धरून दवाखान्यात नेलं. बाई डोळ्यात पाणी येईस्तवर हसल्या. मग एकदम सिरियस.

"गोळ्या तू खाल्ल्यास न्हवं? मग पथ्य पण तूच पाळायचं. रोज सकाळी अक्काला घेऊन रंकाळा तळ्याकाठनं चालायचं. तिच्या तोंडाकडं बघून कोण हसलं तर?"
"बघतोच त्याला!"
"बघायचं न्हाय. चालायचं!"

चाललो की. थंडीत, चिखलात, शिव्या देत.

तिसऱ्या महिन्यात अक्का न्हाणीतनं वरडली, "आली रं!"

मी पेढे घेऊन पळत दवाखान्यात. बायकांच्या गर्दीत बोंबललो, "आमच्या अक्काची पाळी आली! घ्या पेढे!"

एक मावशी तोंडाला पदर लावून, "अगं बाई, ह्याला काय लाज?"
बाई म्हणल्या, "लाज कशाची? मला दोन दे."

मी इचारलं, "बाई, गोळ्यानं आली का चालून?"
"खरं सांगू? मला पण ठाम सांगता यायचं न्हाय. तू चालणं सोडू नको. आणि दर महिन्याला पेढा पाहिजे."

दिला. एक महिना चुकवला न्हाय.

आज सकाळी अक्का म्हणली, "आली." पेढा घेऊन गेलतो.
शटर बंद. पायरीवर बायका रडालेल्या.

मागनं अक्का पळत आली. सगळ्या पेठेतनं, उघड्या तोंडानं. स्कार्फ घरातच ऱ्हायलेला, तिच्या ध्यानात पण न्हाय.

बाई, तुमचा पेढा आम्ही दोघांनी निम्मा निम्मा खाल्ला.
परत चोरीच झाली बघा.

उद्या सकाळी रंकाळ्याला हायच आम्ही.

येतो, बाई.