मुश्ताकच्या पाठीवर

मार्करचं टोपण काढलं की तो उग्र वास मला थेट दुबईच्या ऊद मेथ्या भागातल्या आमच्या शाळेच्या फाटकात नेऊन आपटतो.

मंदीत माझ्या वर्गातल्या मुश्ताकच्या अब्बांची नोकरी गेली, व्हिसाही संपत आला. पण पोराची बारावी पदरात पडावी म्हणून त्याच्या अम्मीने निघणं शेवटच्या पेपरापर्यंत लांबवलं. फाटकाशी टॅक्सी उभी होती. आत, ते राहायचे ते अख्खं शारजा कोंबल्यासारखं सामान.

“पास होशील ना रे?” अम्मीने विचारलं.

“इन्शाल्ला!”

शेवटच्या दिवसाच्या रिवाजाप्रमाणे आम्ही त्याच्या पांढऱ्या शर्टावर मार्करने सह्या ठोकल्या. मी पाठभर लिहिलं, ‘कॉलेजात भेटू.’

“काय खरडलंस?”

“तुला दुबईचा शेख केलाय, हबीबी!”

तो खदाखदा हसत विमानतळाकडे गेला, तो गेलाच. जन्मभर मी डोंगराएवढ्या बाता मारल्या. सगळ्यात मोठी त्या शर्टावर लिहिली, आणि तेवढी एकच मला स्वतःला खरी वाटली होती.