बागेतली साखर

गेल्या द्राक्षाच्या हंगामात माझ्यावर चोरीचा आळ आला. आळ घेतला माझ्याच मुलानं, आणि चोरी कशाची, तर माझ्याच बागेतल्या द्राक्षांची.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दिंडोरीजवळची आमची दोन एकर बाग मी बघते. राहायला नाशिकला, सकाळी आठच्या एसटीनं बागेत. मधुमेह होऊन नऊ वर्षं झाली. पर्समध्ये शुगर तपासायचं मशीन, पट्ट्यांची डबी आणि वही असते. सकाळी उठल्यावर आणि दुपारी जेवणाआधी बोट टोचून आकडा वहीत लिहायचा, हा माझा नेम.

फेब्रुवारीत माझी पहिलीच काढणी तोंडावर आली आणि दुपारचे आकडे बिथरले. दोनशे ऐंशी, तीनशे दहा. डॉक्टर गोळी वाढवायचं म्हणाले. मुलानं वही चाळली आणि हळूच विचारलं, आई, खरं सांग, बागेत किती द्राक्षं खातेस? मी म्हटलं, या हंगामात एक मणी तोंडात घातला असेल तर शपथ. सुनेनं माझ्या डब्यातली एक पोळी कमी केली. मला भयंकर राग आला. तेहतीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, आणि म्हातारपणी हे ऐकायचं! मुलानं तर ठरवूनच टाकलं की पुढच्या महिन्यात बाग वाट्यानं द्यायची आणि आईनं घरी बसायचं.

मी हट्टाला पेटले. वही घेऊन दवाखान्यातल्या सिस्टरकडे गेले. मशीन कसं वापरायचं, काय खायचं, हे पेशंटना समजावून सांगणं हे तिचं काम. तिनं पानं उलटली आणि रविवारचे आकडे बोटानं दाखवले. रविवारी मी घरी असते, त्या दुपारी एकशे तीस-चाळीसच होते. मग तिनं विचारलं, "काकू, टोचायच्या आधी हातांनी काय करत असता?"

काय करणार? काढणीआधी द्राक्षाची गोडी बघायची असते. घडातले दोन-तीन मणी चिमटीत पिळायचे, रस गोडी मोजायच्या मीटरच्या काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. ओळीमागून ओळ हेच. मग पदराला हात पुसायचे, बोट टोचायचं आणि जेवायला बसायचं. बागेत सगळे असेच पुसतात. सिस्टर हसली. म्हणाली, बोटाला राहिलेली द्राक्षाची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि मशीन तीसुद्धा मोजतं. साबणानं हात धुवा, कोरडे करा, मग टोचा.

दुसऱ्या दिवशी मुलाला रजा टाकायला लावली आणि बागेत नेलं. त्याच्यासमोर दोन ओळींची गोडी बघितली, पदराला हात पुसले आणि बोट टोचलं. दोनशे शहाण्णव. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. मग मी मोटरीच्या पाण्याखाली साबणानं हात खसखसून धुतले, कोरडे केले आणि दुसरं बोट टोचलं. एकशे छत्तीस.

त्यानं तो आकडा स्वतःच वहीत लिहिला. मग म्हणाला, "आई, चुकलं माझं."

माझा राग तेवढ्यानं गेला नाही. चूक माझीही होती, नऊ वर्षं मशीन वापरून हात धुवायची अक्कल आली नव्हती. पण मी शपथ घेऊन सांगितलं ते त्याला पटलं नाही आणि मशीननं सांगितलं ते लगेच पटलं, हे मला फार लागलं. तसं मी त्याला तोंडावर सांगितलं.

"एप्रिलच्या छाटणीला कामाच्या बायका आत्ताच सांगून ठेव," मी म्हटलं, "आणि त्यांना सांग, बाग मीच बघणार आहे."