सलामांकात धरलेली जागा

माझ्या थोरल्या मेहुण्यांनी आजवर कुठेही उभ्याने प्रवास केलेला नाही, आणि आपल्या माणसांपैकी कुणाला करूही दिलेला नाही. औशाच्या मोंढ्यात त्यांचं आडत दुकान आहे, असं लोक समजतात. माझ्या मते जागा धरणं हाच त्यांचा मूळ व्यवसाय, सोयाबीन वगैरे त्यांनी फावल्या वेळात सांभाळलं. त्यांच्या खिशात निळ्या काठाच्या तीन दस्त्या असतात. हातरुमालाला आमच्याकडे दस्ती म्हणतात, पण त्यांच्या दस्तीने कधी घाम पुसलेला मी पाहिला नाही. एक त्यांची, एक माझी आणि एक त्यांच्या धाकट्या बहिणीची, म्हणजे माझ्या पत्नीची. बस फलाटाला लागायच्या आत तिन्ही खिडकीतून आत जात. एकदा लातूरच्या स्थानकात त्यातली एक आधीच बसलेल्या गृहस्थाच्या मांडीवर पडली. मेहुणे आत चढले आणि शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही चुकून आमच्या जागेवर बसून राहिलात." गृहस्थ उठले. त्यांनी माफीही मागितली.

धरलेली जागा सोडणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. कंधारच्या एका लग्नात त्यांनी पंगतीत बहिणीसाठी दस्ती टाकली, आणि ती बायकांमध्ये बोलत अडकली. तेवढ्यात एक जाडजूड पाहुणे तिथे बसू लागले. मेहुण्यांनी अडवलं तसे ते ओरडले, "मी नवरदेवाचा मामा हाय!"

"असा ना," मेहुणे म्हणाले, "पर ती येऊन राहिलीय."

मामा शेवटी उभ्याने जेवला. पत्नीला या सगळ्याचा फार संकोच वाटे, पण त्या जागेवर बसायची मात्र ती बिनघोर. पाठीमागे मोठा भाऊ असलेलं माणूस कसं बसतं, ते तिच्याकडे बघून कळायचं.

गेल्या वर्षी ती गेली. महिन्याभराने आम्ही दोघं नांदेडहून लातूरला निघालो, तेव्हाही खिडकीतून तीन दस्त्या आत पडल्या. कंडक्टरने विचारलं, "हे तिसरं कोण?" मेहुणे म्हणाले, "येऊन राहिलीय." विष्णुपुरी मागे पडेपर्यंत कंडक्टर दोनदा विचारून गेला. मी खिडकीबाहेर पाहत होतो. त्यानंतर दर वेळी हेच. कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच, हेही मला ठाऊक होतं. पण मी आयुष्यभर ग्रंथपालाची नोकरी केली. लोकांना गप्प बसा म्हणण्यापलीकडचं बोलणं मला जमत नाही.

माझी मुलगी स्पेनमध्ये, सलामांका नावाच्या शहरात शिकवते. तिने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. विमानात जागांचे नंबर आधीच ठरलेले असतात हे कळल्यावर मेहुण्यांना तो आपला जाहीर अपमान वाटला.

सलामांकाचा मोठा चौक बघायला माणसं जगभरातून येतात. चारही बाजूंना सोनेरी दगडाच्या इमारती, खाली कमानींची लांबच लांब ओसरी, आणि दोन-दोन कमानींच्या मधल्या दगडी गोलांमध्ये राजांचे, विद्वानांचे चेहरे. काही गोल कोरेच आहेत. पुढे कोणी थोर निपजलं तर त्याच्यासाठी, असं मुलीने सांगितलं. मेहुण्यांनी पूर्ण फेरी मारली आणि प्रत्येक कोऱ्या गोलाखाली थांबले.

"दाजी, लई समजदार माणसं," ते मला म्हणाले. "जन्मला न्हाई त्याचीबी जागा धरून ठेवली."

तेव्हापासून स्पेनविषयी त्यांचं मत उत्तम आहे. एक दगडी बाक रिकामा होताच त्यांनी तीन दस्त्या पसरल्या.

"मामा, इथे कोणी जागा धरत नाही," मुलगी हळूच म्हणाली.

"दिसून राहिलं ना," चौकात फरशीवर बसलेल्या शेकडो पोरांकडे हात करून ते म्हणाले.

मुलगी तिच्या तासाला गेली. थोड्या वेळाने काठी टेकत एक म्हातारी आली आणि तिसऱ्या दस्तीकडे बोट दाखवून तिने काहीतरी विचारलं. उत्तर मला पाठ होतं. पण मेहुणे तिच्या सुजलेल्या पावलांकडे बघत राहिले. शेवटच्या दिवसांत माझ्या पत्नीचे पायही असेच सुजायचे. मग त्यांनी दस्ती उचलली, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवली.

"बसा माय," ते म्हणाले. "आमची काय आता येत न्हाई."

वर्षभर मला जे सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच एका परक्या बाईला सांगून टाकलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. या माणसाला ती गेल्याचं पटत नाही, असं मी वर्षभर मनाशी म्हणत आलो होतो. पण दर प्रवासात त्या रिकाम्या जागेला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बसत होतो तो मी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पुन्हा चौकात गेलो. मेहुण्यांनी दोनच दस्त्या पसरल्या. मी बसलो, आणि डोक्यावरची टोपी काढून शेजारी ठेवली. त्यांनी पाहिलं. सगळ्या कमानींत एकदम दिवे लागले, आणि गर्दी वाढू लागली. एका तरुणाने टोपीकडे बघत हातानेच विचारलं, बसू का? मी टोपीवर हात ठेवला.

"धरलेली हाय," मेहुणे त्याला म्हणाले.

तो मान हलवून पुढे गेला.