शालीसकट, नाहीतर नाही

गेल्या शनिवारी इथे आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या डून लेरीला आमच्या वाचक मंडळाच्या चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेलो. स्वतःचं चित्र मात्र गाडीच्या डिकीत ठेवून गेलो... कारण सांगतो.

मंडळाने यंदा रीजन्सी काळातली, म्हणजे सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची, एक इंग्रजी कादंबरी निवडली होती. सभासदांनी तिच्यातील प्रसंगांची चित्रं काढायची होती. मी कॉमर्सचा पदवीधर, चित्रकला छंदापुरती. पण खात्री केल्याशिवाय रेघ ओढत नाही. नृत्याच्या प्रसंगात नायिकेला मलमलीचा पांढरा गाऊन दिला आणि खांद्यावर काश्मिरी शाल... काठावर कोयऱ्या.

मंडळाच्या प्रमुख मॉरीनबाई अत्यंत सौजन्याने म्हणाल्या, "तुमचा हा भारतीय टच सुंदर आहे. पण चित्र ऑथेंटिक हवं ना?" चित्रातली शाल पुसून टाकली, तर हॉलमधली मुख्य भिंत माझी, असंही म्हणाल्या.

त्या काळी तिकडच्या श्रीमंत घरांत अशा शालींची केवढी हौस होती, हे मी त्यांना शांतपणे सांगितलं. गाऊनची मलमलही बंगालची, तिला कोणाचीच हरकत नव्हती... हीच शाल इथल्या कोणी काढली असती तर तो अभ्यास ठरला असता. मी काढली, म्हणून टच.

घरी लेक म्हणाली, "बाबा, जस्ट पेंट ओव्हर इट. इट'ल बी ग्रँड." मी चित्रच परत घेतलं.

उद्घाटनाला सगळ्यांनी त्या काळच्या वेशात यायचं होतं. मॉरीनबाई आल्या त्या आपल्या आजीची जपून ठेवलेली शाल पांघरून... काठावर कोयऱ्या.

सोबत आलेल्या लेकीला राहवलं नाही. "लव्हली शॉल, मॉरीन. व्हेरी ऑथेंटिक."

बाईंनी काठ हातात घेऊन नीट पाहिला. बराच वेळ पाहिला. मग मला विचारलं, चित्र कुठे आहे?

मुख्य भिंत तोवर भरली होती. माझं चित्र दाराशी, कोट अडकवायच्या खुंट्यांशेजारी लागलं. खालच्या पट्टीवर त्या 'भारतीय शैली' असं लिहायला निघाल्या, ते मी लिहू दिलं नाही... 'त्या काळचा पोशाख', एवढंच.

लेकीचे आभार मी गाडीत मानले. आणि ती मुख्य भिंत... नायिकेच्या खांद्यावरची शाल उतरवून मिळणार असेल, तर ती मला तेव्हाही नको होती, आजही नको.