मानेकाकांचा डाएट चार्ट

तिसऱ्या दिवशी सकाळी मानेकाकांना चमचा धरता येईना. आदल्या दिवशी ते स्वतःच्या हाताने जेवले होते. आता मान उशीवरून उचलवत नव्हती आणि श्वास अपुरा पडत होता.

मी बडोद्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात डाएटिशियन आहे. काका मांजलपूरचे, कारखान्यातून रिटायर झालेले फिटर. महिनाभर अन्न जात नाही, अशक्तपणा फार, म्हणून ॲडमिट झाले होते. पहिल्या दिवशी मी काकूंना वॉर्डातच, गुजरातीत विचारलं होतं, "काका दारू घेतात का?"

"नाही हो बेन. आमच्याकडे तसलं काही नाही."

मी फॉर्मवर 'नाही' लिहिलं आणि भरपूर कॅलरीचा चार्ट दिला. वर काकू घरून तुपातला शिरा आणून भरवायच्या. काका खातायत, यानेच त्यांना बरं वाटत होतं. मलाही.

डॉक्टर परीख राउंडला आले. "दोन दिवस ड्रिपमधून पोटॅशियम जातंय, तरी खाली कसं? मॅग्नेशियम, फॉस्फरस केलं का कोणी?"

कोणीच केलं नव्हतं. आमच्याकडे रुटीन तपासण्यांत ते नसतं. दुपारी रिपोर्ट आला. दोन्ही तळाला.

"काकींना परत विचार," सर म्हणाले. "मराठीत, बाजूला नेऊन."

मी त्यांना जिन्याजवळच्या बाकावर बसवलं. "काकू, मी पोलिसांना सांगणार नाहीये. उपचार यावर ठरणार आहेत."

"बारा वर्षं," त्या म्हणाल्या. "रोज. शेवटी तर जेवणाऐवजी तेच. इथे गुजरातेत दारूबंदी ना, कागदावर आलं तर केस होईल असं वाटलं. त्यात मुलीचं लग्न समा भागातल्या एका घरात ठरतंय."

रोजच्या दारूने किडनी मॅग्नेशियम धरून ठेवत नाही, लघवीतून घालवते. ते नसलं की पोटॅशियमही टिकत नाही. कितीही द्या, निघून जातं. फॉस्फरसचं आणखी वाईट. उपाशी शरीरात तो आधीच संपत आलेला असतो. अचानक भरपूर गोड-पिठाळ पोटात गेलं, की ते वापरायला पेशी रक्तातला उरलासुरला फॉस्फरस ओढून घेतात. मग स्नायूंत ताकद राहत नाही. श्वासाच्या स्नायूंतही नाही. म्हणजे काका जेवणाने खालावत होते.

"हिस्टरीच खोटी होती सर," मी म्हटलं.

"महिनाभर उपाशी होते, हे तर खरं होतं ना?" सर म्हणाले. "तेवढं पुरेसं होतं."

काकांना आयसीयूत हलवलं, व्हेंटिलेटर लावला. चार दिवसांत आकडे सुधारले. पण तोवर छातीत इन्फेक्शन पसरलं होतं. नवव्या दिवशी काका गेले.

कागदपत्रं घ्यायला आलेल्या काकू माझ्या टेबलाशी थांबल्या. "बेन, माझ्या शिऱ्याने गेले का?"

"नाही काकू. चार्ट माझा होता."

"खोटं तर मी बोलले," त्या म्हणाल्या आणि लिफ्टकडे गेल्या.

आता खूप दिवस न जेवलेला पेशंट आला, की तो पितो की नाही हे कळायची वाट मी बघत नाही. मॅग्नेशियम, फॉस्फरस आधी मागवते आणि पहिले काही दिवस ताटात थोडंच वाढू देते. नातेवाईक म्हणतात, ही बाई माणसाला उपाशी ठेवते. म्हणू देत.