साउंडवाला भाऊ आणि आयर्लंडची म्हातारी

"आधी खरखर आयका, मंग गाणं," असं म्हणून तो तर्जनी कानाजवळ धरायचा. समोरच्या गिऱ्हाइकाला पोराच्या वरातीसाठी साउंड ठरवायचा असायचा, आणि हा त्याला मोबाइलवर आयर्लंडच्या कुठल्याशा म्हातारीचं गाणं ऐकवायचा. कुणीतरी फार पूर्वी तिच्या स्वयंपाकघरात बसून टेप केलेलं. वाद्य नाही, ठेका नाही, नुसता गळा. मध्येच कुत्रं भुंकायचं, कुणी खोकायचं. दुकान लाखनीत, हायवेला लागून. ट्रक आला की हा गाणं थांबवायचा, ट्रक गेला की पुन्हा सुरू करायचा. गाणं संपेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन दुसऱ्या साउंडवाल्याकडे गेलेलं असायचं.

मी लग्नाचे फोटो काढतो. फोटोवाला, मंडपवाला, आचारी आणि साउंडवाला ही माणसं लग्नसराईत स्वतःच्या घरापेक्षा एकमेकांसोबतच जास्त जेवतात, त्यामुळे या भाऊला मी जवळून पाहिलं. गंमत अशी की आमच्या भागात सगळ्यांत मोठा आवाज याचाच. याच्या पेट्या वाजल्या की शेजारच्या घरातली भांडी फळीवरून खाली यायची. नवीन पेटी तपासताना एकदा मोबाइलनं आपल्याच मनानं हे आयर्लंडचं गाणं लावलं, आणि तेव्हापासून माणूस कामातून गेला.

"भाऊ, तुले त्यातलं काही समजते काय?" मी एकदा विचारलं.

"समजाले कायले पाहिजे? ही रोवण्याची बाई आहे. दिवसभर धानाच्या बांधीत वाकलं का आवाज असाच निघते."

मी शोधून सांगितलं की ते गाणं देश सोडून जहाजानं गेलेल्या पोरांबद्दल आहे. त्यानं जरा विचार केला. "मंग बरोबरच आहे न. पोरं गेले तं रोवणं हिच्याच अंगावर आलं."

सिहोऱ्याच्या एका लग्नात त्यानं टेस्टिंगसाठी तीच म्हातारी सगळ्या पेट्यांवर लावली. अजून वऱ्हाड यायचं होतं. म्हातारीनं वरचा सूर धरला आणि गल्लीतून खांद्यावर दुपट्टा टाकलेले दोन म्हातारे लगबगीनं आले. "कोण गेलं गा?" नवरीचा बाप लाल झाला. भाऊ मात्र हात जोडून म्हणाला, "काका, पाहा न, एक शब्द नाही समजला तरी तुम्ही खांदा द्याले आले. याले म्हणतात गाणं!" त्या दिवशी त्याचं जेवण मी लपवून आणलं, कारण त्याला पंगतीत कुणी बसू देईना.

आता या वेडामागचं खरं दुखणं सांगतो. त्याची माय एके काळी आमच्या पंचक्रोशीत नाव असलेली गाणारी. तिच्याशिवाय कुणाच्या घरची हळद लागायची नाही. लेकानं पहिला मोठा सेट घरी आणला, वाजवून दाखवला, आणि त्या दिवसापासून तिनं गाणं बंद केलं. भांडण नाही, रुसवा नाही. कुणी आग्रह केलाच तर म्हणायची, "लेकाच्या डब्यासमोर माहा गळा कायले फाडू?" ते बाकी सगळे विसरले होते. याच्या मात्र ते जिवाला लागलं होतं.

त्यानं मायला आयर्लंडची म्हातारी ऐकवली. मी तिथेच होतो. मायनं डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं, पदरानं मोबाइल पुसून परत दिला आणि म्हणाली, "चांगली गाते बिचारी. हिच्या लेकाचा धंदा दुसरा असंन."

भाऊ दोन दिवस दुकानात आला नाही.

त्यानंतर त्यानं एक युक्ती काढली. कुठल्याही हळदीत पोरं ऐन रंगात आली की साउंड अचानक बंद व्हायचा आणि हा ओरडायचा, "जनरेटर गरम झालं! थोडा वेळ लागंन." पोरं शिव्या घालायची. म्हाताऱ्या बायका आधी साड्यांवर बोलायच्या, मग भाजीतल्या तेलावर, आणि मग एखादी हळूच जुनं गाणं सुरू करायची. हा मंडपामागे उभा राहून ऐकायचा. मी एकदा त्या जनरेटरला हात लावला, तर माठासारखं थंड. मी कुणाला बोललो नाही, कारण गाणाऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो फार सुंदर यायचे. आता भाऊ धंदा विकून नागपूरला लेकीजवळ राहतो. नव्या साउंडवाल्याचं जनरेटर कधीच गरम होत नाही, आणि मला त्याचा राग येतो.

तर त्या लेकीच्या लग्नाची गोष्ट. हळदीला घरचाच साउंड, म्हणून झाडून सगळ्या पेट्या अंगणात. पोरं नाचत होती आणि बरोबर ऐन वेळी सगळं बंद पडलं. "जनरेटर गरम झालं!"

माय बाजेवर बसली होती. सगळ्या बाया तिच्याकडे पाहू लागल्या. ती मोठ्यानं म्हणाली, "लय गरम झालं काय? मी हात लावून पाहू?"

अख्खं अंगण हसलं. भाऊ मंडपामागून बाहेर आला. एवढा धिप्पाड माणूस, पण मायसमोर मान खाली. "गरम नाही झालं माय. मीच बंद केलं. एकडाव म्हण न वो."

माय खाकरली. पहिला सूर फाटला, तिनं पाणी मागितलं, पुन्हा धरला. आमच्याकडे हळदीच्या गाण्यात बाया व्याह्यांची नावं घेऊन टर उडवतात. मायनं व्याह्यांना सोडलं आणि नवरीच्या बापालाच धरलं:

"माह्या लेकानं आणले डबे, डबे वो बाई,
डब्यायनं खाल्ला माहा गळा, गळा वो बाई.
आता लेक माहा फिरते कान घेऊन, कान वो बाई,
कोणी वाढा वो त्याले गाणं, गाणं वो बाई!"

बाया पोट धरून हसत होत्या आणि प्रत्येक ओळ उचलून धरत होत्या. माय थांबेचना. इतक्या वर्षांचं साठलेलं, एकेका कडव्यात त्याच्या तोंडावर येत होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, पण मलाच नीट दिसेना. नवरीचा मामा धावत आला, "भाऊजी, पोरं चिडून राहिले, सुरू करा न!"

भाऊच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यानं मामाचा हात घट्ट धरला. "थांब गा. माय मले शिव्या देऊन राहिली, आयकू दे."