कोरेगावचा बेल्ट आणि सांगलीची यादी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या कडेगावात पोराटोरांना ठाऊक. पण त्या दिवशी कोरेगावच्या दुकानात मी मुकाट बसले, कारण मामांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

दुकान ट्रॅक्टर आणि पंपांच्या सुट्या भागांचं. मामा म्हणजे काउंटरवरचे सगळ्यात जुने गृहस्थ, अख्ख्या बाजारपेठेचे मामा. पंधरा हजार वस्तूंपैकी कुठली कुठल्या फळीवर, हे त्यांना तोंडपाठ. आणि त्यापायीच बिचारे अडकून पडलेले. गुडघे कुरकुरायला लागले होते, मामी पाटणच्या पलीकडच्या वाडीत एकट्या, आणि भेट काय ती दुकान बंद असेल त्या सोमवारची. घरी जातो म्हटलं की मालक हात जोडायचे. "मामा, तुम्ही गेलात तर दुकान आंधळं होईल. कंप्युटर तुमच्याइतका झटपट झाला की त्याच दिवशी हार घालून घरी पोचवतो."

त्या कंप्युटरचा प्रोग्राम लिहीत होते मी. म्हणजे मामांचं घरी जाणं माझ्या हातात!

पहिल्याच दिवशी एकानं पंपाचा बी अठ्ठेचाळीस नंबरचा बेल्ट मागितला. मी टाइप केलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. मामांनी बेल्ट आणला, कागदात गुंडाळला, गिऱ्हाईक गाडीला किक मारून गेलंसुद्धा, आणि मग पडद्यावर उजाडलं: फळी सात.

"एवढा येळ कुटं गेलं हुतं ह्ये?" मामांनी विचारलं.

मी सांगितलं, मालकांच्या दोन्ही दुकानांची यादी त्यांच्या सांगलीच्या मोठ्या दुकानातल्या कंप्युटरवर आहे. आपला प्रत्येक प्रश्न तिकडं जातो आणि उत्तर घेऊन परत येतो.

"आं? बेल्ट कोरेगावात, फळी कोरेगावात, आन इचारायला सांगलीला जायचं? आगं, माज्या आदी ह्योच रिटायर हुतोय बघ!"

नेट सुधारणं माझ्या हातात नव्हतं. दोन दिवस मी चरफडत काउंटरपाशी बसून राहिले आणि मामांचे हात बघत राहिले. तेव्हा कळलं, मामा निम्म्या वेळा फळीकडं जातच नव्हते. काउंटरखाली त्यांनी एक लाकडी ट्रे ठेवला होता. हंगामात सारखं लागणारं सामान त्यात.

"आणि नवीन काही आलं, जागा नसली तर?" मी विचारलं.

"ज्येला लय दिवसांत कुनी इचारलं न्हाई, त्ये उचलायचं आन फळीवर टाकायचं. त्यात काय अक्कल लागती व्हय?"

अक्कल लागत होती. घरी गेले आणि प्रोग्रामला तस्साच ट्रे करून दिला. सांगलीहून एकदा आलेलं उत्तर कोरेगावच्याच कंप्युटरनं लक्षात ठेवायचं, पुन्हा विचारलं की जागच्या जागी सांगायचं, आणि जे बरेच दिवस कुणी विचारलं नाही ते विसरायचं. दुसऱ्या दिवशी बेल्टचं नाव टाइप करून होतंय तोवर उत्तर हजर. मामा चक्क टाळी वाजवून हसले. "मामीला फोन करतो," म्हणाले.

पण खंडेनवमीला माझी फजिती झाली. त्या दिवशी दुकानात सगळी हत्यारं, पाने, वजनकाटे पुजायचे आणि त्याआधी फळ्या रिकाम्या करून, धुऊन पुसून सगळं नव्यानं लावायचं, अशी तिथली रीत. मामांनी बेल्ट सातवरून बारावर नेले. सांगलीच्या यादीतही मी बदल केला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक ट्रॅक्टरवाला पंपाचा बेल्ट मागायला आला, कंप्युटर झटक्यात म्हणाला फळी सात, आणि मी घाईत न बघता सातवरून ग्रीसचा डबा घेऊन आले.

"ह्यो काय पंपाला घालू?" तो ओरडला. मीही त्याच्यावर ओरडले, उगाचच.

मामांचा चेहरा मात्र उतरला. मामीला त्यांनी दिवाळीचा वायदा दिला होता. मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "पोरी, खंडेनवमीला मी पैला माजा ट्रे रिकामा करतो, मगच फळ्या हलवतो. तुज्या मशीननं केलाय का?"

नव्हता केला! सांगलीच्या यादीत जागा बदलली की कोरेगावनं त्या वस्तूचं जुनं उत्तर टाकून द्यायचं, एवढंच राहिलं होतं. संध्याकाळच्या आत ते करून टाकलं.

दिवाळीच्या तोंडावर मालक परीक्षा घ्यायला आले. मोबाइलवर घड्याळ लावलं आणि पाच वस्तू विचारल्या. एकीकडं मामा, दुसरीकडं मी; मामांनी वस्तू आणायच्या आत कंप्युटरनं फळी सांगायची. चार वेळा कंप्युटर पुढं. पाचव्या वेळी त्यांनी विचारला पंपाच्या पाइपाच्या तळाला बसणारा मोठा फूटव्हॉल्व्ह, जो महिनोन्महिने कुणी मागितला नव्हता. ट्रेमध्ये नाही, म्हणजे सांगली! चक्र फिरायला लागलं.

मागच्या फळ्यांमधून मामांचा आवाज येत होता. "कुटं ठिवलाय बरं... आवं मालक, ध्यानातच येईना."

शेवटी उत्तर आलं. "फळी एकवीस!" मी ओरडले.

"हारलात की मामा!" मालक म्हणाले.

"हारलो बगा," मामा हसत बाहेर आले आणि पिशवी भरायला गेले. मालकांनी हार आणायला माणूस पिटाळला. मी फूटव्हॉल्व्ह आणायला एकवीसकडं गेले. त्यावर दसऱ्यापासूनच्या धुळीचा थर होता, आणि धुळीत पाच बोटं ताजी उमटलेली होती. मालक यायच्या आत मी ती ओढणीनं पुसून टाकली.